अडगळीतला संगणक, घराचे दप्तर

हैदराबादचे हिमायतनगर हा क्रमांकांच्या गल्ल्यांचा भाग आहे. नांदेड जिल्ह्यातील याच नावाचे तालुक्याचे गाव वेगळे. हे हिमायतनगर शहराच्या मध्यावर, हुसेनसागरापासून जवळ आहे. शेजारच्या नारायणगुड्यात न्यायमूर्ती केशवराव कोरटकर यांच्या नावाने चालणारी केशव मेमोरियल शिक्षणसंस्था आहे आणि तेथून कोठीच्या बाजूला गेल्यास १९०७ मध्ये स्थापन झालेली विवेकवर्धिनी लागते. निजामाच्या राजवटीपासून या परिसराला मराठी कुटुंबांची सवय आहे. पुढे संगणक उद्योग बहरला, तेव्हा महाराष्ट्रातून आणि गोव्यातूनही अनेक तरुण नोकरीसाठी हैदराबादला गेले, भाड्याच्या घरात राहिले आणि काही तेथलेच झाले.

अशा एखाद्या घराचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवू. माळ्यावर दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा संगणक पडून आहे. मुलांच्या अभ्यासासाठी तो घेतला होता, पुढे मांडीवरचा लॅपटॉप आला, मग हातातला फोन आला आणि संगणक चादरीत गुंडाळला गेला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार संपला आणि विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा-चिप व नवा प्रोसेसर या यंत्रात नाही. भंगारवाला त्याचे वजनावर पैसे देईल, एवढीच त्याची किंमत उरली आहे.

त्याच घरात दुसरी एक अडचण आहे. लग्नाचे चित्रण दोन सीडींवर आहे आणि घरात सीडी वाचणारे यंत्र उरलेले नाही. मुलांची लहानपणीची छायाचित्रे चार फोनांत विखुरली आहेत. त्यांपैकी एका फोनचा पडदा फुटला आहे. गावच्या घराच्या खतांची स्कॅन केलेली पाने कोणाच्या तरी ईमेलमध्ये आहेत. आजीने म्हटलेल्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण कोठे आहे, हे नक्की कोणालाच सांगता येत नाही. कागदाच्या काळात घराचे दप्तर निदान एका पेटीत असे. आजचे दप्तर कोठे आहे, हा प्रश्न विचारला तर घरातील प्रत्येक जण वेगळे उत्तर देतो.

या दोन अडचणींची गाठ घालता येते. माळ्यावरचा संगणक खाली उतरवून त्याला घरगुती साठवण सर्व्हर करता येतो. सर्व्हर हा शब्द मोठा वाटला तरी अर्थ साधा आहे: घरच्या राउटरला जोडलेले एक यंत्र, ज्याच्या डिस्कवर घरातील सर्वांच्या फायली राहतात आणि जे त्या फायली घरातल्या कोणत्याही फोनला किंवा लॅपटॉपला मागताच देते. त्याला पडदा लागत नाही, कळफलक लागत नाही, वेगवान प्रोसेसरही लागत नाही. फायली ठेवणे आणि देणे हे काम पंधरा वर्षांपूर्वीचे यंत्र निवांत करते. अडते ते एकाच ठिकाणी: ते यंत्र सुरूच होत नाही.

सुरू होणे म्हणजे काय

संगणक सुरू होण्याला 'बूट होणे' म्हणतात. बुटाच्या मागची पट्टी धरून स्वतःच स्वतःला उचलण्याच्या एका इंग्रजी कल्पनेतून हा शब्द आला. कल्पना गमतीची असली तरी नेमकी आहे. वीज येते त्या क्षणी संगणकाच्या मेमरीत काहीच नसते. त्याला प्रणाली डिस्कवरून वाचायची असते. पण डिस्क कशी वाचायची हे सांगायलाही कोणी तरी लागते. म्हणून ही उठण्याची क्रिया एका साखळीसारखी घडते आणि प्रत्येक कडी पुढच्या कडीला जागे करते.

पहिली कडी वीजपुरवठ्याची पेटी. दुसरी कडी मदरबोर्डवरच्या चिपमध्ये कोरलेला छोटा प्रोग्राम. त्याला बायोस म्हणतात आणि नव्या यंत्रांत त्याची जागा यूईएफआयने घेतली आहे. तो मेमरी, कळफलक, चित्रपट्टी यांची हजेरी घेतो. तिसरी कडी म्हणजे प्रणाली कोणत्या डिस्कवर शोधायची याचा क्रम. चौथी कडी त्या डिस्कच्या आरंभी बसलेला बूटलोडर. लिनक्समध्ये तो बहुधा ग्रब असतो. पाचवी कडी प्रणालीचा गाभा आणि सहावी, फायलींच्या डिस्का जोडून घेणे.

'संगणक मेला' असे आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा या सहांपैकी एकच कडी तुटलेली असते. ती कोणती हे ओळखणे, हीच या कामातली खरी विद्या. दुकानात नेऊन सगळेच बदलण्यापूर्वी घरी बसून एवढी तपासणी करता येते.

धूळ, रॅम आणि बटणाएवढी बॅटरी

आधी विजेची वायर काढावी, पेटी उघडावी आणि आतल्या धातूच्या सांगाड्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी. मऊ ब्रशने धूळ काढावी. प्रोसेसरवरच्या पंख्यात ती सर्वांत जास्त साचते. मदरबोर्डवरचे उभे डबीसारखे कपॅसिटर माथ्यावर फुगलेले दिसले, तर मात्र यंत्राचा नाद सोडलेला बरा. विजेची पेटी कधीही उघडू नये. वायर काढल्यानंतरही तिच्यात धोकादायक दाब राहू शकतो.

बटण दाबल्यावर पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो आणि आतून बीप ऐकू येतात, हे लक्षण बहुधा रॅमचे असते. वर्षानुवर्षांच्या दमट हवेने रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर पुट चढते. रॅम काढून त्या पट्ट्या स्वच्छ खोडरबराने हलके पुसायच्या, रबराचा चुरा झटकायचा आणि रॅम पुन्हा नीट बसवायची. भारतातल्या प्रत्येक दुरुस्तीवाल्याला ठाऊक असलेला हा उपाय अनेकदा लागू पडतो. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी म्हणजे दोषी कोण ते कळते.

पडदा उजळला, पण यंत्र वीस वर्षांपूर्वीची तारीख दाखवते आणि दर वेळी काही तरी दाबायला सांगते, तर दोष मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या बॅटरीचा आहे. तिच्यावर सीआर २०३२ असे लिहिलेले असते. तीन व्होल्टची ही बॅटरी घड्याळाच्या दुकानातही मिळते. वीज बंद असताना बायोसच्या नोंदी आणि घड्याळ तिच्या जोरावर टिकतात. ती मेली की प्रत्येक वीजखंडानंतर यंत्र आपल्या साऱ्या नोंदी विसरते आणि कालपर्यंत चालणारा सर्व्हर आज उठत नाही. सर्व्हर करायचा असेल तर ही बॅटरी न विचारता बदलावी.

हैदराबादकरांना सुटे भाग शोधायला लांब जावे लागत नाही. सिकंदराबादच्या पार्क लेनवरील चिनॉय ट्रेड सेंटर, लोकांच्या तोंडी 'सीटीसी', ही संगणकाच्या सामानाची जुनी बाजारपेठ आहे. जुनी रॅम, डिस्कची केबल, वापरलेला पंखा अशा वस्तू नव्या दुकानात मिळत नाहीत. त्या अशाच बाजारात मिळतात.

पेन ड्राइव्हवरून पहिली जाग

प्रणाली बसवण्याआधी एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. नवी प्रणाली ज्या डिस्कवर बसते तिच्यावरचे जुने सारे पुसले जाते. माळ्यावरच्या त्या डिस्कवरच मुलांची पहिलीची छायाचित्रे असण्याची शक्यता असते. म्हणून आधी जुनी डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून तिच्यावरचे हवे ते उतरवून घ्यावे आणि उतरवलेल्या फायली उघडून पाहाव्यात. अडगळ आवरण्याच्या भरात घराचे दप्तरच जाळल्याची खंत आयुष्यभर पुरते.

आता प्रणाली कोणती? घरगुती कामासाठी ओपनमीडियावॉल्ट सोयीची आहे. ती डेबियन लिनक्सवर उभी आहे, मोफत आहे आणि दोन ते चार जीबी रॅमवर समाधानाने चालते. तिचा कारभार दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमधून करता येतो. ट्रूनॅस ही तिची नामांकित शेजारीण. २००५ मध्ये फ्रीनॅस या नावाने तिचा आरंभ झाला. पण तिला किमान आठ जीबी रॅम लागते, म्हणून जुन्या यंत्राला ती झेपत नाही. प्रोसेसर ६४-बिटचा आहे ना, हेही पाहावे. इंटेलचा कोअर टू ड्युओ २००६ मध्ये आला. तो किंवा त्यानंतरचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर सहसा काळजी नाही. त्याहून जुन्या ३२-बिट यंत्रांना मात्र दार बंद होत आले आहे: ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून अशा यंत्रांसाठी वेगळा इन्स्टॉलर दिला जात नाही.

प्रणालीची फाइल उतरवून घेतल्यावर ती पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी केली, तर यंत्र तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. ही सर्वांत नेहमीची चूक आहे. बायोस डिस्कवरच्या फायली वाचत नाही. तो डिस्कचा पहिला कप्पा वाचतो. ५१२ बाइटच्या त्या कप्प्यात ४४६ बाइट बूटलोडरच्या पहिल्या तुकड्यासाठी, ६४ बाइट डिस्कच्या वाटणीच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे दोन बाइट खुणेसाठी असतात. ती खूण सापडली नाही, तर 'बूट करण्याजोगे उपकरण नाही' असा निरोप पडद्यावर येतो. म्हणून फाइल रूफस किंवा बलेना एचर यांसारख्या साधनाने लिहावी; ही साधने पहिल्या कप्प्यापासून सगळी मांडणी करतात.

पेन ड्राइव्ह लावून यंत्र सुरू करताना एफ १२, एफ २, एस्केप किंवा डिलीट यांपैकी एक कळ दाबत राहिल्यास बूट-क्रमाची यादी येते. कळ कोणती, ते पडद्यावर क्षणभर दिसते. यादीत पेन ड्राइव्ह दिसतच नसेल, तर मागच्या बाजूच्या दुसऱ्या यूएसबी खाचेत लावून पाहावा. २०१० नंतरच्या यंत्रांत बायोस आणि यूईएफआय या दोन्ही पद्धती असू शकतात. पेन ड्राइव्ह एका पद्धतीने उठवला आणि पुढे बूट दुसऱ्या पद्धतीने मागितले, तर प्रणाली नीट बसूनही यंत्र उठत नाही. दोन्ही वेळी एकच पद्धत, एवढा नियम पाळला की अर्धी डोकेदुखी संपते.

दोन टेराबाइटची भिंत

इथवर आलेले अनेक जण पुढच्या टप्प्यावर अडखळतात. छायाचित्रांसाठी चार टेराबाइटची नवी डिस्क आणली जाते, तिच्यावरच प्रणालीही बसवली जाते आणि जुना संगणक ती मान्य करत नाही.

कारण जुन्या पद्धतीच्या वाटणीच्या तक्त्यात दडलेले आहे. तो तक्ता डिस्कचे ५१२ बाइटचे कप्पे मोजतो आणि कप्प्याचा क्रमांक लिहायला त्याच्याजवळ ३२ बिटांचीच जागा आहे. म्हणजे सुमारे ४२९ कोटी कप्प्यांपलीकडे त्याला मोजताच येत नाही. गुणाकार केला की हिशेब २.२ टेराबाइटला थांबतो. त्यापुढची जागा डिस्कवर असूनही जुन्या तक्त्यापुरती ती नसल्यासारखीच. नव्या जीपीटी पद्धतीच्या तक्त्याला ही मर्यादा नाही. पण जुन्या बायोसला तो समजत नाही आणि अशा डिस्कवरून सुरू व्हायचे तर ग्रबसाठी एक मेगाबाइटचा वेगळा तुकडा राखून ठेवावा लागतो.

यावरचा सोपा मार्ग असा की प्रणाली आणि दप्तर यांना एका डिस्कवर ठेवूच नये. प्रणालीसाठी जुनीच लहान डिस्क किंवा स्वस्तातली छोटी एसएसडी घ्यावी. तिच्यावर जुना तक्ता चालतो आणि बायोस तिच्यावरून सहज उठतो. चार टेराबाइटच्या डिस्कवर जीपीटी तक्ता करून केवळ फायली ठेवाव्यात. एकदा लिनक्सचा गाभा जागा झाला की बायोसचे काम संपते. मोठी डिस्क वाचायला गाभा बायोसला विचारत नाही. शिवाय उद्या प्रणाली बिघडली, तर लहान डिस्क बदलून ती नव्याने बसवता येते आणि दप्तराला धक्का लागत नाही.

जुनी डिस्क वापरायची असेल, तर तिची तब्येत आधी विचारावी. प्रत्येक डिस्क स्वतःच्या आजाराची नोंद स्मार्ट नावाच्या व्यवस्थेत ठेवते आणि ओपनमीडियावॉल्ट ती दाखवते. खराब झाल्याने बदलावे लागलेले कप्पे आणि वाचता न आल्याने रेंगाळलेले कप्पे, हे दोन आकडे शून्य असावेत. ते वाढत असतील तर त्या डिस्कवर घरातली एकही मोलाची गोष्ट ठेवू नये.

पडदा नसताना उठणारे यंत्र

प्रणाली बसली, सर्व चालले. मग पडदा आणि कळफलक काढून यंत्र राउटरशेजारी ठेवले आणि ते पुन्हा उठेना. हा अनुभवही नेहमीचा आहे. अनेक जुने बायोस कळफलक सापडला नाही की तेथेच थांबतात. कळफलक नसताना 'कळ दाबा' असे सांगत बसणारा हा पहारेकरी पडदा नसल्याने आपल्याला दिसतही नाही. बायोसमधील 'हॉल्ट ऑन' या नोंदीत कळफलकाची चूक सोडून द्यायला सांगितले की प्रश्न मिटतो. त्याच ठिकाणी वीज परत आल्यावर काय करावे याची नोंद असते. ती 'सुरू व्हा' अशी करावी. नाही तर मध्यरात्री वीज गेली की सर्व्हर सकाळपर्यंत निजलेलाच राहतो.

सहाव्या कडीतही एक खाच आहे. लिनक्स कोणत्या डिस्का जोडायच्या याची यादी एफएसटॅब नावाच्या फाइलमध्ये ठेवतो. ही यादी हाताने लिहिणाऱ्यांनी डिस्कचे नाव न लिहिता तिचा कायमचा ओळखक्रमांक लिहावा, कारण केबलची अदलाबदल झाली की नावे बदलू शकतात. तसेच फायलींच्या डिस्कपुढे 'नोफेल' हा शब्द घालावा. तो नसेल आणि एखादी डिस्क सैल केबलमुळे सापडली नाही, तर अख्खे यंत्र आणीबाणीच्या अवस्थेत अडकते. तो असेल तर यंत्र उठते आणि कोणती डिस्क गैरहजर आहे ते सांगते.

घरच्या जाळ्यात

यंत्र राउटरला वाय-फायने न जोडता केबलने जोडावे आणि राउटरमध्ये त्याला एक कायमचा पत्ता राखून द्यावा, म्हणजे घरातल्यांना ते रोज नव्याने शोधावे लागणार नाही. फायली वाटून घेण्याचे काम सांबा करते. १९९२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी सुरू केलेला हा प्रोग्राम लिनक्सला विंडोजच्या भाषेत बोलायला शिकवतो. त्यामुळे लॅपटॉपला हा सर्व्हर शेजारच्या एखाद्या फोल्डरसारखा दिसतो.

वेगाबद्दल अपेक्षा माफक ठेवाव्यात. जुन्या मदरबोर्डचे नेटवर्क-द्वार १०० मेगाबिटचे असेल, तर सेकंदाला फार तर ११ मेगाबाइट जातात. पाचशे जीबीची छायाचित्रे त्या वाटेने भरायला साडेबारा तास लागतील. तेव्हा पहिली भरती रात्री लावून झोपावे किंवा डिस्क थेट जोडून करावी. नंतर रोजची पाच-पन्नास छायाचित्रे कधी गेली हे कळतही नाही.

एक मोह मात्र टाळावा. ऑफिसातून किंवा गावाहून फायली दिसाव्यात म्हणून राउटरचे दार बाहेरच्या इंटरनेटला उघडून देऊ नये. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने जगभरच्या संगणकांना जे ग्रासले, ते विंडोजच्या याच फाइल-वाटपाच्या जुन्या पद्धतीतील उणिवेचा फायदा घेऊन. घरचे दप्तर घरच्या भिंतींच्या आत असावे. बाहेरून पाहणे अगदीच गरजेचे असेल तर व्हीपीएनचा बंदिस्त मार्ग आहे.

विजेचा हिशेबही आधी करावा. जुना डेस्कटॉप रिकामा बसूनही साधारण ५० वॅट खातो असे धरले, तर दिवसाला १.२ युनिट आणि महिन्याला ३६ युनिट होतात. युनिटला सहा रुपये मानले तर महिना २१६ रुपये. तोच संगणक रोज संध्याकाळी तीन तासच चालू ठेवला, तर महिन्याचा खर्च साडेचार युनिटांवर येतो. घरच्या दप्तराला अहोरात्र जागे राहण्याची गरज नसते. जुना लॅपटॉप याहून बराच कमी वीज खातो आणि त्याची बॅटरी छोट्या यूपीएसचे काम करते. पण ती फुगलेली असेल तर ताबडतोब काढावी आणि ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडे द्यावी.

एक प्रत म्हणजे टांगती तलवार

सर्व्हर उठला, फायली भरल्या, घरातले खूष झाले. बहुतेक जण इथे थांबतात आणि खरा धोका इथूनच सुरू होतो. पूर्वी छायाचित्रे चार ठिकाणी विखुरलेली होती. आता ती एका जुन्या पेटीत एकवटली आहेत. ती पेटी गेली तर सगळेच गेले.

हा धोका काय असतो ते हैदराबादला समजावून सांगावे लागत नाही. २८ सप्टेंबर १९०८ च्या मुशी नदीच्या पुराची आठवण शहर अजून काढते. १३ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेल्या पावसाने चोवीस तासांत सुमारे १९ सेंटीमीटरची नोंद केली आणि शहराच्या सखल भागांतल्या घरांत पाणी शिरले. हुसेनसागराचे जादा पाणी मुशीकडे नेणारा नालाही हिमायतनगरच्या परिसरातूनच वाहतो. अशा ठिकाणी तळमजल्यावर, जमिनीला टेकवून ठेवलेला सर्व्हर म्हणजे पाण्याला दिलेले आमंत्रणच.

दुसरा दाखला याच शहरातला आहे आणि तो पुराचा नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ राज रेड्डी यांच्या पुढाकाराने दहा लाख पुस्तकांच्या स्कॅनिंगचा प्रकल्प उभा राहिला. त्याच्या भारतीय अंगाला, म्हणजे डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाला, हैदराबादची आयआयआयटी ही संस्था मोठा आधार होती. हजारो मराठी पुस्तकेही त्यात आली. पुढे ते मूळ संकेतस्थळ वाचकांसाठी बंद झाले. तरीही ती पुस्तके नाहीशी झाली नाहीत, कारण कार्ल मालामुड यांनी त्यांतील चार लाखांहून अधिक पुस्तकांच्या प्रती अमेरिकेतील इंटरनेट आर्काइव्हवर आधीच नेऊन ठेवल्या होत्या. आज एखादे जुने मराठी पुस्तक इंटरनेटवर सापडते, त्यामागे अनेकदा हीच दुसरी प्रत असते. मोठमोठ्या संस्थांच्या सर्व्हरलाही जे चुकत नाही, ते माळ्यावरून उतरवलेल्या संगणकाला कसे चुकेल?

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी यासाठी एक सूत्र रूढ केले: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक घराबाहेर. सर्व्हरमध्ये एकसारख्या दोन डिस्का बसवून त्यांना रेडने जोडले की दुसरी प्रत झाली, असे काहींना वाटते. ते खरे नाही. रेड एका डिस्कच्या मृत्यूपासून वाचवते. पण चुकून पुसलेली फाइल ती दोन्ही डिस्कांवरून त्याच क्षणी पुसते, आणि पूर, चोरी किंवा वीज पडणे तर दोन्हींना एकदमच गाठते.

गोव्यातून हैदराबादला गेलेल्या कुटुंबांजवळ या सूत्राचे तयार उत्तर आहे. एक प्रत हिमायतनगरच्या सर्व्हरवर, दुसरी कपाटातल्या बाहेरून जोडायच्या डिस्कवर आणि तिसरी गावच्या घरी. चतुर्थीला गावी जाताना कपाटातली डिस्क ताज्या प्रतीने भरून न्यावी, गेल्या वर्षी ठेवलेली परत आणावी. वर्षातून एकदा न चुकता होणारी ही फेरी कोणत्याही स्वयंचलित व्यवस्थेइतकी भरवशाची आहे. नेताना डिस्क कूटबद्ध करावी म्हणजे प्रवासात हरवली तरी खते आणि ओळखपत्रे परक्याच्या हाती लागणार नाहीत. मात्र तिचा परवलीचा शब्द घरातल्या किमान दोघांना ठाऊक हवा. तो एकाच माणसाबरोबर गेला तर दप्तरही त्याच्याबरोबरच जाते.

गोव्यातच सर्व्हर उभा करणाऱ्यांनी आपल्या हवेचा विचार करावा. पावसाळ्याचे चार महिने येथील दमटपणा कागदाला जसा खातो तसाच धातूच्या जोडांनाही खातो. यंत्र बाहेरच्या भिंतीपासून दूर, जमिनीपासून उंच आणि मोकळ्या हवेत ठेवावे. बंद ठेवलेली डिस्क हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. जून आणि ऑक्टोबरमधल्या गडगडाटात विजेची आणि नेटवर्कची, दोन्ही वायरी काढून ठेवाव्यात. वीज फोनच्या तारेतूनही आत येते. जुलै २०२१ च्या पुरात सत्तरी आणि डिचोली तालुक्यांतील ज्या घरांत पाणी शिरले, तेथे भिजलेल्या कागदांचे काय झाले असेल, हे कोणालाही कळेल.

आणखी एक काम बाकी राहते व तेच सर्वांत जास्त टाळले जाते. वर्षातून दोनदा प्रतीमधून एखादी फाइल परत काढून उघडून पाहावी. उघडून न पाहिलेली प्रत ही केवळ आशा असते. सीडीवर लग्न जपले आहे असे मानणाऱ्या कित्येक घरांना हे उशिरा कळले.

पणजीत १८३२ मध्ये सुरू झालेले आणि आज कृष्णदास शामा यांच्या नावाने ओळखले जाणारे मध्यवर्ती ग्रंथालय राज्याची छापील स्मृती सांभाळते. सरकारी दप्तरे सरकारी नोंदी सांभाळतात. आजीच्या ओव्या, आजोबांची हिशेबाची वही आणि मुलाचे पहिले पाऊल यांना मात्र दुसरे कोणतेही ग्रंथालय नाही. ते घरातच सांभाळावे लागते. त्यासाठी लागणारे यंत्र पुष्कळ घरांत आधीच आहे, माळ्यावर, चादरीखाली. त्याची रॅम पुसून, बटणाएवढी बॅटरी बदलून ते उठवता येते. आणि ते उठले त्याच दिवशी दुसऱ्या प्रतीची डिस्कही बाजूला काढून ठेवावी.